जयतीर्थच्या नावाने

अकरा नंबरचा गडी मैदानावर नेमकं काय करतो, असं बघायला आलेल्या शंभर जणांना विचारलं असतं, तर नव्वद म्हणाले असते, 'कोण अकरा नंबर?' नऊ म्हणाले असते, 'पळतो की बिचारा.' राहिलेला एक मात्र तुम्हाला शेजारी बसवून घेऊन तासभर सांगत राहिला असता, आणि तो नेमका समोरच्या संघाचा प्रशिक्षक होता. आमच्या उपेंद्रचं नशीबच तसं.

बास्केटबॉल हा खेळच मेला असा आहे की बघणाऱ्याची नजर चेंडू सोडत नाही. चेंडू जाळीतून खाली आला की टाळ्या, नाही आला की हळहळ. पण चेंडू टाकणाऱ्याला मोकळी जागा मिळाली कशी, त्याच्या अंगावर धावून येणारा सहा फुटी धटिंगण वाटेत कशाला अडखळला, याची चौकशी कोण करतो? तो अडखळायचा उपेंद्रला. दोन्ही हात छातीशी घट्ट धरून, पाय रोवून उपेंद्र वाटेत उभा राहायचा. याला खेळात स्क्रीन लावणं म्हणतात. समोरच्याचा धक्का खायचा, तोंडातून हूं की चूं काढायची नाही, आणि आपल्या माणसाला तेवढ्या दोन पावलांची सवड करून द्यायची. संध्याकाळी घरी गेल्यावर बरगड्यांना बाम चोळायचा. चोळायचं काम बायकोकडे, आणि चोळता चोळता बोलायचं कामही तिच्याकडेच.

उपेंद्र भावसारांचा. पणजोबा कधीतरी छावणीतल्या पलटणीचे कपडे शिवायला म्हणून बंगळुरात आले आणि इथलेच झाले. शिवाजीनगरच्या एका बोळात त्यांचं शिंप्याचं दुकान अजून चालू होतं, त्यावर थोरला भाऊ बसायचा. घरात मराठी, पण कशी? 'स्वल्प थांब', 'सरी, जाऊन येतो', अशी; 'जरा'ला स्वल्प आणि 'बरं'ला सरी म्हणणारी. पुण्याहून नवीन आलेली माणसं ती ऐकून हसायची. हसू देत. उपेंद्रला सुई-दोऱ्यात गोडी नव्हती. राजाजीनगरला घरामागे सिमेंटचं एक कोर्ट होतं, शाळा सुटली की तो तिथं. उंची पाच फूट दहा इंच, म्हणजे या खेळात मधलीच. नेम बरा, पण बरा म्हणजे नुसता बरा, त्यापुढे नाही. मग कुणीही न शिकवता त्याने स्वतःच ओळखलं, की आपण उभं राहायचं आणि दुसऱ्याने टाकायचं. वयाच्या सोळाव्या वर्षी इतकी अक्कल किती जणांना येते?

एक्क्याण्णव साली तो होसकोट्याच्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात लागला. लागला म्हणजे ठेकेदाराच्या हाताखाली, पॅकिंगमध्ये. पंप खोक्यात घालायचे, भुस्सा भरायचा, पट्ट्या ठोकायच्या. सकाळी राजाजीनगरहून शिवाजीनगर, तिथून होसकोट्याची बस. त्याच साली लग्न झालं. बायको विद्याश्री, मल्लेश्वरमच्या भावसारांची, तोंडाने फटकळ आणि मनाने लोण्यासारखी मऊ. तिला एकच गोष्ट हवी होती. नवऱ्याने पर्मनंट व्हावं. ठेकेदाराच्या वहीतलं नाव शाईने लिहिलेलं असलं तरी पेन्सिलीचंच, असं ती म्हणायची.

कारखान्याच्या आवारात शिफ्ट सुटल्यावर बास्केटबॉल चालायचा. तिथं रविकुमार होता. आस्थापना विभागातला कारकून, कारखान्याच्या संघाचा कप्तान आणि क्रीडासचिवही तोच. दिसायला देखणा, बोलायला गोड, आणि हातात अशी जादू की उडी मारून चेंडू सोडला की जाळी हलायचीसुद्धा नाही. उपेंद्र एके दिवशी नुसता उभा राहून बघत होता. एक गडी कमी पडला म्हणून त्याला आत घेतला. अर्ध्या तासात रविकुमारच्या लक्षात आलं, की आज आपल्याला कुणी अडवतच नाहीय. त्याने मागे वळून बघितलं, तर त्याला अडवायला येणारा गडी जमिनीवर बसून पोटरी चोळत होता आणि उपेंद्र त्याला हात देऊन उठवत होता.

त्या दिवसापासून रविकुमार उपेंद्रचा अण्णा झाला. उपेंद्र त्याला रविअण्णा म्हणायचा आणि मनापासून म्हणायचा.

बंगळुरातल्या कारखान्यांच्या संघांची एक स्पर्धा दर फेब्रुवारीला व्हायची. नियम कडक. जो कारखान्याचा पर्मनंट नोकर, तोच खेळणार. नावांची यादी, यादीवर फोटो, फोटोवर कारखान्याचा शिक्का. ठेकेदाराच्या माणसाला तिथं थारा नाही. रविकुमारने त्यावर तोड काढली. स्टोअरमध्ये जयतीर्थ नावाचा एक पर्मनंट मदतनीस होता, उपेंद्रच्याच चणीचा आणि रंगाचा. कॉलेजात थोडं खेळलेला, पण गुडघा गेलेला. त्याचा ओळखपत्रावरचा फोटो आठ वर्षांपूर्वीचा, झुपकेदार मिशीतला. उपेंद्रने तशी मिशी वाढवायची, अकरा नंबरचा शर्ट घालायचा आणि जयतीर्थ म्हणून खेळायचं. खऱ्या जयतीर्थने सामन्याच्या दिवशी खेळाडूची भरपगारी रजा घेऊन घरात बसायचं. भाजी आणायलासुद्धा बाहेर पडायचं नाही. त्याची बायको त्याच्याकडून त्या दिवशी वर्षाचे तांदूळ निवडून घ्यायची म्हणे.

"पण कुणी ओळखलं तर?" उपेंद्रने विचारलं होतं.

रविकुमार हसला. दोघं कन्नडमध्ये बोलायचे. "मी दुसऱ्याच्या नावावर खेळलो तर पहिल्याच बास्केटला गेटवरचा वॉचमन ओळखेल. तुझ्याकडे कोण बघतंय? तू आहेस हे फक्त मला ठाऊक असतं."

उपेंद्रला हे कौतुक वाटलं. घरी जाऊन त्याने बायकोला तसंच सांगितलं. विद्याश्री पोळी लाटायची थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"याला कौतुक म्हणतात होय?" ती म्हणाली. "आणि ती मिशी मला आवडत नाही, आत्ताच सांगून ठेवते."

मिशी वाढली. जयतीर्थची सही त्याने जुन्या वहीच्या पाठीमागे गिरवून गिरवून बसवली. मैदानावर मराठी शब्द तोंडातून निघू द्यायचा नाही, कारण जयतीर्थ कन्नड माणूस. ठेच लागली तरी 'अय्यो' म्हणायचं, 'आई गं' नाही. एवढं सगळं सांभाळून पुन्हा खेळायचंही होतं.

त्र्याण्णवला एका कापड गिरणीच्या संघाला हरवून त्यांनी करंडक आणला. चौऱ्याण्णवचा अंतिम सामना तर बघणारे वर्षभर बोलत होते. समोर पुन्हा त्याच गिरणीचा संघ, त्यांचे प्रशिक्षक सुब्बाराव. चाळीस सेकंद राहिलेले, आपला संघ एका गुणाने मागे, चेंडू त्यांच्याकडे. त्यांचा सव्वासहा फुटी गडी चेंडू घेऊन सरळ आत घुसला. त्या वेळी वाटेत कोण उभं राहील? नोकरी कारखान्याची, हाडं आपली. चौघे जण बाजूला झाले आणि उपेंद्र मध्ये येऊन उभा राहिला. सरकला नाही, हात काढला नाही, डोळेही मिटले नाहीत. तो गडी त्याच्या छातीवर आदळला, दोघे सिमेंटवर पडले आणि शिट्टी वाजली. फाउल त्या गड्याचा, चेंडू आपला. उपेंद्र उठला, धावत पलीकडे गेला, रविकुमारला अडवायला निघालेल्या दोघांच्या वाटेत पुन्हा एकदा उभा राहिला. रविकुमारने उडी मारली. जाळी हलली नाही. एका गुणाने करंडक.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, रविकुमारचे एकतीस गुण. खाली बारीक अक्षरात सगळ्यांचे आकडे होते. जयतीर्थ, शून्य. आता या पेपरवाल्यांना काय म्हणावं? चाळीस सेकंदांत ज्याने सामना फिरवला त्याच्या नावापुढे शून्य, आणि नावही त्याचं नाही.

करंडकासोबतच्या फोटोत उपेंद्र नव्हता. फोटो कारखान्याच्या मासिकात छापायचा होता, आणि तिथं खऱ्या जयतीर्थला रोज बघणारे चारशे जण होते. फोटो निघेपर्यंत तो पाण्याच्या पिंपाशेजारी सगळ्यांच्या पिशव्या राखत उभा राहिला. विजेत्यांची प्रमाणपत्रं मिळाली, त्यातलं जयतीर्थचं त्याने स्वतः सोमवारी स्टोअरमध्ये नेऊन दिलं. "सांभाळून ठेव," असंही वर सांगितलं.

त्या संध्याकाळी शिवाजीनगरच्या एका हॉटेलात रविकुमारने त्याला मसाला डोसा खाऊ घातला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला. "लोक माझ्यासाठी टाळ्या वाजवतात," तो म्हणाला. "पण शेवटच्या मिनिटाला मी कुणाला शोधतो, तुला माहीत आहे. खेळाडूंच्या कोट्यातून जागा निघू दे. तुला अठ्ठावीस पूर्ण व्हायच्या आत पर्मनंट करतो. ती माझी जबाबदारी."

अठ्ठावीस ही कोट्याची वयोमर्यादा. उपेंद्रला पंच्याण्णवच्या जूनमध्ये अठ्ठावीस पूर्ण होणार होती. म्हणजे जेमतेम सव्वा वर्ष हातात. पण अण्णाने शब्द दिला होता, आणि अण्णाचा शब्द म्हणजे उपेंद्रला काळ्या दगडावरची रेघ. त्याने रोजचा सराव वाढवला.

पंच्याण्णवच्या जानेवारीत जागा निघाली. कारकुनाची, एकच, खेळाडूंच्या कोट्यातली. आतल्यांनाही अर्ज करता येत होता आणि बाहेरच्यांनाही. उपेंद्रने सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला आणि रविकुमारच्या हातात दिला.

"प्रमाणपत्रांचं कसं करायचं, अण्णा? माझ्या नावाचं एकही नाही."

"अर्ज ज्या टेबलावर येतात त्या टेबलावर मीच बसतो ना? ते मी बघतो. तू फेब्रुवारीकडे लक्ष दे."

उपेंद्रने फेब्रुवारीकडे लक्ष दिलं. घरी विद्याश्रीने विचारलं, "त्यांनी पोच दिली का अर्जाची?" पोच मागणं म्हणजे अण्णावर अविश्वास, म्हणून त्याने मागितली नव्हती. तिने कपाळाला हात लावला.

अंतिम सामना पुन्हा सुब्बारावांच्या गिरणीशीच झाला. या खेपेला सुब्बारावांनी एक युक्ती केली होती. त्यांच्या संघाने रविकुमारवर एक माणूस ठेवला आणि आपला सगळ्यात चिवट गडी अकरा नंबरवर लावला. प्रेक्षकांना कळेना, की हे काय चाललंय. अकरा नंबर बास्केट करत नाही, मग त्याला धरून काय मिळणार? पण पहिल्या अर्ध्यात रविकुमारचा एक नेम धड लागला नाही, कारण त्याला वाट मोकळी करून द्यायला कुणी सुटाच नव्हता. मध्यंतराला आपला संघ नऊ गुणांनी मागे होता. दुसऱ्या अर्ध्यात उपेंद्रने काय केलं, तर आपल्याला धरलेल्या गड्यालाच ओढत ओढत रविकुमारच्या वाटेत न्यायला सुरुवात केली. उपेंद्र जाईल तिथं तो गडी येणार, आणि तो गडी जिथं उभा, तिथं गिरणीचीच दोन माणसं एकमेकांवर आपटणार. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. सहा गुणांनी सामना जिंकला.

सामना संपल्यावर सुब्बाराव त्याच्याकडे आले. साठीचे, पांढरी पँट, डोक्यावर टोपी. हरलेला माणूस जितका हसू शकतो तितके हसत होते.

"जयतीर्थ," ते कन्नडमध्ये म्हणाले, "तीन वर्षं मी तुझ्याकडून हरतोय. त्या रविकुमारकडून नाही, तुझ्याकडून. मी आमच्या पोरांना सांगतो, बास्केट करणारे दहा मिळतात, असा एक मिळत नाही. आमच्याकडे गिरणीत एक पर्मनंट जागा आहे, ती माझ्या हातात आहे. तुझी तिन्ही प्रमाणपत्रं घेऊन ये."

तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी उपेंद्रला त्याचाच खेळ सांगत होतं. आणि ते ऐकणाऱ्याला हो म्हणता येत नव्हतं, कारण ज्याला बोलावणं होतं तो घरी तांदूळ निवडत बसला होता. पण खरं सांगायचं तर त्या घटकेला त्याला त्याचं दुःखही झालं नाही. त्याच्या मनात आलं, आता आपलं कारखान्यातच होणार आहे, अण्णाला सोडून जायचं कशाला?

"नको सर," तो म्हणाला. "आमचा रविअण्णा आहे."

सुब्बारावांनी मान डोलावली आणि ते गेले.

मंगळवारी दुपारी स्टोअरमधून जयतीर्थ आला. हातात पेढ्यांचा पुडा. चेहऱ्यावर आनंद आणि ओशाळलेपण अशी काहीतरी खिचडी. त्याने पुडा पॅकिंगच्या टेबलावर ठेवला आणि उघडला नाही.

"तुला आधी मीच सांगावं म्हणून आलो," तो म्हणाला. "कारकुनाच्या जागेवर मला घेतलं."

उपेंद्र हातोडी घेऊन तसाच उभा राहिला. "कुठल्या जागेवर?"

"खेळाडूंच्या." जयतीर्थने मान खाली घातली. "आस्थापनेच्या आस्थापनेच्या कृष्णमूर्ती साहेबांनीच विचारलं म्हणे, अकरा नंबर तीन वर्षं खेळतोय, त्याचा अर्ज कसा नाही? रविकुमारने मग माझा अर्ज भरून घेतला. मी म्हटलं, उपेंद्रचं काय? तो म्हणाला, त्याचं वेगळं चाललंय. माझी देवाशपथ, मला तसंच वाटलं."

जयतीर्थ वाईट माणूस नव्हता. वाईट नसलेली माणसं अशा वेळी पेढे घेऊन येतात. उपेंद्रने स्वतःच पुडा उघडला, एक पेढा तोंडात टाकला आणि हातोडी खाली ठेवली.

तो तसाच आस्थापना विभागात गेला. रविकुमार टेबलावर होता. उपेंद्रला बघताच त्याने पंख्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, मग फाइल उघडली.

"माझा अर्ज कुठं आहे, अण्णा?"

"बस ना."

"अर्ज."

रविकुमारने आवाज खाली घेतला. "तुझ्या अर्जाला एक कागद जोडलेला नव्हता. कोऱ्या अर्जावर साहेबांसमोर मी काय बोलू? हा माणूस जयतीर्थ म्हणून खेळला, असं? मग तिन्ही करंडक परत, मी सस्पेंड, सगळा संघ सस्पेंड. सात घरं आहेत संघात, उपेंद्र. तू नेहमी संघाचा विचार करतोस, आता पण कर."

"म्हणजे तुला जानेवारीतच माहीत होतं."

रविकुमार फाइलमधले कागद सारखे करत राहिला.

"आणि तू मला अंतिम सामना होईपर्यंत सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू असा खेळला असतास का?" रविकुमार म्हणाला. बोलून गेल्यावर त्याचं त्यालाही जड गेलं असावं, पण मग त्याने आणखी वाईट केलं. "आणि तुझ्यावर मी काही बळजबरी केली नव्हती. नाव तू आपल्या मर्जीने घेतलंस."

उपेंद्रला राग आला नाही. राग नंतर आला, बसमध्ये. ज्याच्यासाठी तीन वर्षं बरगड्या शेकून काढल्या त्याने तोंडाला पानं पुसली, तीही इतक्या मऊ आवाजात. बाकीचे सात जण? ते दोन टेबलं सोडून, मशीनपाशी, गेटपाशी, आपापल्या जागी होते. सगळ्यांना माहीत होतं. त्या आठवड्यात त्याला बघितलं की त्यांना अचानक कामं आठवायची. सगळे मूग गिळून बसले.

घरी विद्याश्रीने सगळं ऐकून घेतलं. ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "त्या सुब्बारावांनी तुम्हाला बघितलंय ना? नाव सोडा, माणूस बघितलाय. त्यांच्याकडे जा आणि खरं सांगा."

सुब्बाराव राजाजीनगरातच चार गल्ल्या पलीकडे राहायचे. उपेंद्र रविवारी सकाळी गेला. दार त्यांनीच उघडलं, आणि आतून त्यांच्या बायकोने मराठीत विचारलं, "कोण आलंय हो?" सुब्बाराव जुन्या देशस्थांपैकी, हे उपेंद्रला तेव्हा कळलं. तीन वर्षं 'अय्यो' म्हणून काढलेल्या माणसाने त्यांच्यासमोर पहिल्यांदा मराठीत तोंड उघडलं.

"सर, मी जयतीर्थ नाही. माझं नाव उपेंद्र. भावसारांचा."

मग सगळं सांगितलं, काही न लपवता. सुब्बाराव ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. फसवणूक त्यांचीही झालीच होती, नाही का? तीन करंडक त्यांच्या पोरांच्या हातून गेले होते.

त्यांनी उपेंद्रकडे एक खुर्ची सरकवली. मग म्हणाले, "तू चुकलास. हे मी पहिलं सांगतो."

"हो सर."

"आणि तू खेळलास, हेही खरं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय." ते उठून खोलीत दोन फेऱ्या घालून आले. "करंडक मला परत नको. हरलो ते मैदानावर हरलो. तक्रार मी करणार नाही. पण गिरणीच्या साहेबांसमोर मला एक कागद ठेवावा लागेल. तुमच्या क्रीडासचिवाला मी खासगी पत्र लिहितो. अकरा नंबरवर खेळलेला माणूस उपेंद्र, एवढी एक ओळ त्याने लिहून द्यावी. ते पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आमच्या साहेबांशिवाय. एक ओळ आली की जागा तुझी. जूनच्या आत."

उपेंद्र त्यांच्या पाया पडला. क्रीडासचिव म्हणजे रविकुमारच. पण एक ओळ, खासगीत, कुणाचं काही नुकसान न होता. एवढं तर शत्रूही लिहून देईल.

तरी तो सोमवारी स्वतः रविकुमारला भेटला. शिफ्ट सुटल्यावर, कोर्टाच्या कडेला. सुब्बारावांचं पत्र येईल, त्यांनी शब्द दिलाय, तक्रार नाही, करंडक नाही, हे सगळं त्याने समजावून सांगितलं. विनवणी करायची त्याला लाज वाटली, पण केली.

रविकुमारने त्याचे दोन्ही खांदे धरले. डोळ्यांत पाणी आल्यासारखं दिसलं. "सरी," तो म्हणाला. "लिहितो. तेवढंसुद्धा नाही केलं तर मी कसला अण्णा?"

उपेंद्रने पुन्हा विश्वास ठेवला. तुम्ही म्हणाल, गाढव आहे. म्हणा. पण ज्याच्यासाठी आपण तीन वर्षं वाटेत उभे राहिलो तो आपला नव्हताच, हे मानायला माणसाला फार मोठी हिंमत लागते. उपेंद्रमध्ये सव्वासहा फुटी गड्यासमोर उभं राहायची हिंमत होती, ही नव्हती.

मार्च गेला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ठेकेदाराने त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस, माणसं जास्त झालीत. का, कुणी सांगितलं, हे ठेकेदाराला विचारून उपयोग नव्हता. उपेंद्रला वाटलं, असू दे, आता गिरणीचं होईलच.

त्यानंतरच्या रविवारी सुब्बारावांनी बोलावून घेतलं. त्यांच्या हातात कारखान्याच्या नावाचं पत्र होतं, वर छापलेलं बोधचिन्ह, खाली गोल शिक्का. त्यांनी चष्मा लावला, पण वाचायला लागेनात. मग पत्र उपेंद्रकडेच दिलं.

इंग्रजीत चार ओळी टाइप केल्या होत्या. आपल्या पत्रास अनुसरून आमचे सर्व दफ्तर तपासण्यात आले. अकरा क्रमांकाचे खेळाडू आमचे कायम कर्मचारी श्री. जयतीर्थ हेच होत. उपेंद्र या नावाची कोणतीही व्यक्ती आमच्या कारखान्यात कधीही कामास नव्हती. खाली रविकुमारची सही, प्रत्येक अक्षर सुटं सुटं.

उपेंद्रने ते दोनदा वाचलं. ठेकेदाराचा माणूस कारखान्याच्या दफ्तरात नसतोच, तेव्हा ती शेवटची ओळ खोटी आहे हे कागदावर दाखवतासुद्धा येत नव्हतं.

"मला ठाऊक आहे तू कोण ते," सुब्बाराव म्हणाले. "पण हा कागद आल्यावर मी आमच्या साहेबांना काय दाखवू, बाबा? आता मी काही बोललो तर रीतसर तक्रारच होईल, आणि त्यात पहिला तू अडकशील." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. साठीच्या माणसाचं ते उपेंद्रला बघवेना, म्हणून तोच त्यांना म्हणाला, राहू दे सर.

तो चालत घरी आला. विद्याश्री दारातच उभी होती. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि सगळं ओळखलं, तरी विचारलं.

"काय लिहिलं त्याने?"

"उपेंद्र नावाचा माणूस कारखान्यात कधी नव्हताच, असं."

ती दारातून बाजूला झाली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मग चार वर्षं पहाटे उठून मी डबा कुणाचा भरत होते?"

उपेंद्र पायरीवर बसला. जयतीर्थच्या त्या मिशीवरून एकदा हात फिरवून त्याने तिच्याकडे वस्तरा मागितला.